ऐंशी चिंचोके आणि एक कोरा फॉर्म

शनिवार, १५ नोव्हेंबर. सकाळी साडेअकरा. स्थळ : राव सरांचं घर, मैलापूर. हजर : सुंदर राव सर, रुक्मिणीअक्का, मी. गैरहजर : कुणी नाही. विषय : आलेल्या फॉर्मांची मोजणी. बाकी : एक.

माझ्या वहीतली ही नोंद. चेन्नईतल्या आमच्या मराठी मंडळाची मी चिटणीस आहे आणि तीन माणसं कॉफीला बसली तरी हजेरी लिहून ठेवायची मला सवय आहे. सरांना तिची फार गंमत वाटायची. "तिघांतले तीन हजर, सेक्रेटरीबाई. शंभर टक्के," असं ते म्हणत आणि लगेच स्वतःलाच दटावत, की तीन माणसांची टक्केवारी काढू नये, शोभत नाही. त्या दिवशीही हे झालं. नंतर मोजणी झाली, कॉफी झाली, मी निघाले. जिन्यापर्यंत सोडायला आले तेव्हा त्यांनी माझी पिशवी हातात घेऊन तिचं वजन अजमावलं आणि विचारलं, एवढे कागद अंबत्तूरला नेऊन काय करता? फाइल करते, मी म्हटलं. ते हसले. ती शेवटची भेट. नोंदीतली ती एक बाकी मात्र अजून तशीच आहे. तिच्याकडे शेवटी येते.

दहा दिवसांनी, मंगळवारी दुपारी, रुक्मिणीअक्कांचा, म्हणजे सरांच्या पत्नीचा, फोन आला. मी अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कारखान्याचं स्टोअर सांभाळते. त्या वेळी मी रॅकपाशी उभी राहून माल मोजत होते. अक्कांनी आधी विचारलं, "जेवलीस का शुभा?" मी हो म्हटलं. काय जेवलीस, तेही विचारलं. मग म्हणाल्या, सरांनी कॉफी घेतली, पेला खाली ठेवला, खुर्चीत डोळे मिटले... आणि मी उठवायला गेले तर ते उठले नाहीत. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते, आजारी नव्हते. पुढे कळलं, त्या दुपारी अक्कांनी ज्यांना ज्यांना फोन केला त्या सगळ्यांना आधी जेवणाचं विचारलं होतं. उपाशी माणसाला अशी बातमी सांगायची नाही, असं त्यांच्या घरात होतं. फोन ठेवल्यावर मी रॅक पुन्हा पहिल्यापासून मोजला, कारण आकडा विसरले होते. असं माझं सहसा होत नाही.

सर तंजावरकडचे मराठी. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. शेकडो वर्षांपूर्वी तंजावरला गेलेल्या मराठी घराण्यांची मुलंमाणसं आज चेन्नईभर आहेत. घरात ती एक जुनी, जरा वेगळीच मराठी बोलतात. तिची चाल तमिळची, तिच्यात शब्द तमिळचे, आणि मधूनच पोथीत सापडावा असा एखादा शब्द. आमच्यासारखी माणसं नोकरीसाठी अलीकडे महाराष्ट्रातून आलेली. मी सांगलीची, एकवीस वर्षांपूर्वी नवऱ्याच्या बदलीमुळे इथे आले. दोन्हीकडच्यांना एकमेकांची भाषा कळते, पण दोघांनाही मनातून वाटतं की समोरचा थोडा चुकीचं बोलतोय. सरांनी एका कॉलेजात चौतीस वर्षं सांख्यिकी शिकवली होती. निवृत्तीनंतर त्यांच्या घराच्या पुढच्या मोठ्या खोलीत, दर शनिवारी सकाळी, मंडळाचा मुलांसाठीचा मराठी वर्ग भरू लागला. माझ्या मुलीला मी तिथे घातलं, तीच आमची ओळख. मी विचारलं होतं, वर्गातली मुलं मराठी बोलायला लागतात का? त्यांनी उत्तराऐवजी विचारलं, "कितींतलीं किती, असं विचारा."

कितींतले किती... हा त्यांचा मंत्रच होता. अक्का म्हणाल्या की हल्ली दूध नासतं, तर हे विचारणार, कितींतले किती दिवस? शेजारी म्हणाले रिक्षावाले उद्धट असतात, तरी तेच. अक्कांनी त्यावर उपाय शोधला होता. "सातांतले सात दिवस तुम्ही हेच विचारतां," एवढंच त्या म्हणायच्या आणि कामाला लागायच्या. सर ते वाक्य येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगत. एवढं पूर्ण उत्तर चौतीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने दिलं नाही, म्हणत.

माझं आणि सरांचं खरं नातं जुळलं ते मागच्या वर्षी, माझ्या एका चुकीवरून. ती सविस्तर सांगते, कारण तिच्यात ते पूर्ण दिसतात.

वर्ग मैलापूरहून अंबत्तूरला न्यावा असं मंडळात बरेच दिवस चाललं होतं. नवी कुटुंबं बहुतेक त्या बाजूला राहतात. मीही तिथेच राहते आणि खरं सांगायचं तर मलाही तो तिकडे हवा होता. दर शनिवारी आधी सेंट्रलपर्यंत लोकल, मग पुढे पुलावरून जाणारी दुसरी रेल्वे, वर जिने, हातात वह्यांची पिशवी. आमचे अध्यक्ष जोगळेकर बँकेतून निवृत्त झालेले. वाद त्यांना सोसत नाही. ते म्हणाले, सर्वेक्षण करा, आकडे काय म्हणतील तसं करू. मी एक पानी फॉर्म केला. घरी कोणती भाषा बोलता, याला तीन चौकोन : महाराष्ट्रातली मराठी, तंजावरची मराठी, किंवा तमिळ-इंग्रजी मिसळ. खाली दुसरा प्रश्न : वर्ग मैलापूरला राहावा की अंबत्तूरला जावा? यादीतल्या प्रत्येक घरी फॉर्म पाठवला, आलेले तारखेप्रमाणे लावले. चौसष्ट आले. एकवीस घरं मैलापूर म्हणाली, त्रेचाळीस अंबत्तूर.

नुसतं बहुमत दाखवून भागणार नव्हतं. सगळ्या प्रकारच्या घरांचं मत साधारण सारखंच आहे की एखाद्या गटाचं वेगळं आहे, हे बघायला जोगळेकरांनी सांगितलं होतं. सारखं असेल तर बहुमताने ठरवायला हरकत नाही. त्यासाठी काय-स्क्वेअर नावाची चाचणी असते एवढं मला माहीत होतं. ऑफिसच्या संगणकावर तक्ता घातला तर त्याने इशारा दिला : एका ओळीतल्या अपेक्षित संख्या पाचपेक्षा कमी आहेत, उत्तर भरवशाचं नाही. ती ओळ तंजावरच्या घरांची होती. त्यांचे फॉर्म सहाच आले होते, आणि दोन उत्तरांत वाटले की अपेक्षित संख्या साधारण दोन आणि चार. आता, आमच्या स्टोअरमध्ये एखाद्या मालाचे पाचपेक्षा कमी नग उरले की आम्ही त्यांना वेगळा खण देत नाही, "किरकोळ" लिहिलेल्या खणात टाकतो. पंधरा वर्षं हेच करत आले आहे. मी त्या सहा फॉर्मांचं तेच केलं. तमिळ-इंग्रजी मिसळवाल्यांमध्ये ते घातले, ओळीला "इतर" नाव दिलं. इशारा गेला. चाचणी म्हणाली, मतात फरक दिसत नाही. मी अहवाल छापला, एक प्रत सरांना पाठवली आणि यादीतल्या त्या कामावर खूण केली.

दोन दिवसांनी सरांचा फोन आला, शनिवारी वर्गानंतर थांबा. मुलं गेली, अक्कांनी सतरंजी झटकून घडी घातली, आणि सरांनी अहवाल माझ्यापुढे ठेवला. पेन्सिलीने फक्त "इतर" या शब्दाभोवती वर्तुळ होतं. रागावले नव्हते. गंमत बघणाऱ्यासारखे होते.

"सेक्रेटरीबाई, अम्मी किरकोळांत गेलों की?"

मी स्टोअरची पद्धत सांगितली. पाचपेक्षा कमी असले की चाचणी चालत नाही, हेही सांगितलं. ते म्हणाले, चाचणी चालत नाही तर चाचणी बदला, माणसं कसाला बदलतां? मी म्हटलं, सर, सहाच तर आहेत. हे माझ्या तोंडून गेलं आणि लगेच मला वाटलं, की ज्या माणसाच्या घरात मी बसले आहे, ज्याच्या घरची कॉफी पिते आहे, तो त्या सहांतला एक आहे. त्यांना ते जाणवलं की नाही कोण जाणे. ते उठले आणि आतून पल्लांगुळी घेऊन आले.

पल्लांगुळी म्हणजे इकडच्या घराघरांत असते ती खेळाची लाकडी पाटी. एका बाजूला सात खळगे, दुसऱ्या बाजूला सात, मधोमध बिजागरी. मिटली की एखाद्या मोठ्या माशासारखी दिसते. खळग्यांत चिंचोके वाटत वाटत खेळतात. ती अक्कांची होती, माहेरून आलेली, कडा हात लागून लागून गुळगुळीत झालेल्या. सरांनी पाटी उघडून सतरंजीच्या घडीवर ठेवली आणि मला चिंचोके मोजायला लावले. ऐंशी.

मग त्यांनी समजावलं ते असं. चौसष्ट घरांतली एकवीस मैलापूर म्हणतात, हे ठरलेलं आहे. त्यांत तंजावरची सहा, हेही ठरलेलं. आता धरून चाला की घरची भाषा आणि मत यांचा काही संबंध नाही. मग ती सहा घरं म्हणजे डोळे मिटून चौसष्टांतून उचललेले सहा फॉर्म. त्या सहांत मैलापूरवाले किती निघतील? एकही नाही, एक, दोन... सहापर्यंत. सात तऱ्हा. पाटीच्या एका बाजूला खळगेही सातच. "तऱ्हा अस्क्या मांडतां येतात, मग अंदाजाची चाचणी कसाला? एकेक मोजूं," ते म्हणाले. अस्क्या म्हणजे सगळ्या. रद्दी कागदावर त्यांनी गुणाकार-भागाकार केले, कॅल्क्युलेटर माझा वापरला, आणि ऐंशी वेळा फॉर्म उचलले तर कोणती तऱ्हा साधारण किती वेळा येईल तेवढे चिंचोके एकेका खळग्यात टाकायला सांगितलं. पहिल्यात सहा. दुसऱ्यात बावीस. तिसऱ्यात अठ्ठावीस, तो खळगा भरून वाहायला लागला. चौथ्यात सतरा, पाचव्यात सहा. सहाव्यात एक. सातवा रिकामा.

"तुमच्या सहा फॉर्मांत मैलापूरवाले किती?"

मी फाइल उघडली. पाच. म्हणजे सहावा खळगा. त्यात तो एकटा चिंचोका पडला होता.

निव्वळ योगायोगाने असं ऐंशीत एखाद्या वेळी होतं. तंजावरच्या घरांचं मत वेगळं होतं आणि मी ते किरकोळ खणात टाकून बुजवलं होतं. हेतू तसा नव्हता, पण निकाल माझ्या सोयीचा होता, आणि सोयीचा असल्यामुळेच मी तो दुसऱ्यांदा तपासला नव्हता. मी तसं म्हटलं. सर म्हणाले, सोयीचं सांगतां? बघा, गंमत दाखवतों. ते सहा वेगळे ठेवून आणि इशाऱ्याकडे दुर्लक्ष करून नेहमीची चाचणी लावली असती, तर ती म्हणाली असती, असं पावणेदोनशेत एकदाच होतं. "मणजे माझ्या बाजूनें. वर्ग माझ्या घरांत राहावा मणून मलाही वाटतें. पण ती भरलेल्या तक्त्यांसाठीं केलेली चाचणी, सहा माणसांपुढें मोठ्यानें बोलते. ही हळू बोलते. हळू बोलते तिचें ऐकायचें."

वर्ग आपल्या घरात राहावा असं त्यांना वाटतं, हे त्यांनी पहिल्यांदा त्या दिवशी बोलून दाखवलं. मुलं आली नाहीत तर शनिवार कसा जाईल ते ठाऊक नाही, असंही म्हणाले. आणि तरीही मोठ्याने बोलणारा आकडा त्यांनी स्वतःच बाजूला ठेवला होता. मी माझ्या बाजूचा ठेवला नव्हता. हे मी वहीत लिहिलं नाही, पण मला पाठ आहे.

एवढा वेळ अक्का दाराच्या चौकटीला टेकून बघत होत्या. आपल्या पाटीवर हे काय चाललंय, असा चेहरा. त्यांनी विचारलं, सहा घरं कुठली? तंजावरची, सर म्हणाले. अक्कांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. या रस्त्यावरच चार, तळ्यामागे तीन, त्यांच्या बहिणीकडची... मी यादी काढली. यादीत तंजावरची एकतीस घरं होती. मला वाटलं होतं, बाकीच्यांना रस नाही. अक्का आत गेल्या आणि डाळीच्या डब्यामागून घडी घातलेले चार कागद घेऊन आल्या. माझेच फॉर्म, कोरे. शेजारपाजारच्यांनी दिले होते, "सरांकडून वाचून घे" म्हणून, आणि त्यांचं ते राहून गेलं होतं.

"अमाला हें वाचतां कुठें येतें?" अक्का म्हणाल्या. "बोलायला मराठी, वाचायला तमिळ."

सरांनी कपाळावर हात मारला आणि मग इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मी फॉर्म देवनागरीत छापला होता. या घरांत मराठी कानाने येते, डोळ्यांनी नाही. मुलं शाळेत तमिळ लिपी शिकली, त्यांचे आईबापही तीच शिकले. एकवीस वर्षं मी या लोकांत वावरते, त्यांच्या लग्नांत जेवले आहे, आणि माझ्या हे लक्षात आलं नाही. सरांच्याही आलं नाही, हे त्यांना जास्त लागलं. आयुष्यभर मुलांना शिकवलं की आधी प्रश्न कुणापर्यंत पोचला ते बघा, आणि घरातच... म्हणजे ज्यांना देवनागरी येते तेवढ्यांनीच उत्तर दिलं होतं, आणि देवनागरी येणारे बहुतेक तेच, ज्यांची मुलं या खोलीतल्या वर्गाला येत होती. ते मैलापूरच म्हणणार. चाचणी अगदी अचूक निवडली होती आणि ती चुकीच्या सहा जणांवर लावली होती. सरांनी पाटीतले चिंचोके ओंजळीत गोळा केले. म्हणाले, संख्या लहान असली की चाचणी शोधण्याआधी चपला शोधाव्या. एकतीस घरं आहेत, एकतीस लाख नाहीत.

पुढचे तीन-साडेतीन महिने आम्ही तेच केलं. सरांनी फॉर्म नव्याने लिहिला, वाक्यं तंजावरच्या मराठीत, अक्षरं तमिळ. मी त्याच्या प्रती काढल्या, घरांची यादी भागांप्रमाणे लावली आणि शनिवारी वर्गानंतर आम्ही दोघं निघायचो, कधी बसने, कधी रिक्षाने. ज्या सहा घरांनी आधी उत्तर दिलं होतं त्यांनाही पुन्हा विचारायचं असं सरांनी ठरवलं, सगळ्यांना एकच फॉर्म हवा. दिवसाला तीन घरं हा माझा हिशेब होता. सरांच्या बरोबर दोनच व्हायची, कारण प्रत्येक घरी कॉफी घ्यावी लागे आणि कोण कुणाचं काय लागतं ते आधी शोधावं लागे. एका घरी आजीबाईंनी फॉर्म मोठ्याने वाचला आणि त्यांना रडू आलं. आपली बोली त्यांनी कधी कागदावर लिहिलेली पाहिली नव्हती. दुसऱ्या घरी एकाने सुनावलं की तुमच्या वर्गात आमच्या मराठीला हसतात, आधी ते बघा. मी ते वहीत उतरवून घेतलं. सर रिक्षात बसल्यावर म्हणाले, हें फॉर्मांत विचारलेंच नव्हतें, बघा.

दमलेले असले की ते रिक्षात पुढच्या बाजूला बघत बसत. मी पिशवीतले भरलेले फॉर्म मोजत असे. तेवढ्या महिन्यांत आम्ही विशेष काही बोललो असं नाही, पण त्या शनिवारांइतके समाधानाचे शनिवार मला या शहरात दुसरे आठवत नाहीत.

घरं जसजशी होत गेली तसतसं चित्र पालटलं. तंजावरच्या घरांपैकीही बरीच आता शहराच्या कडेला राहायला गेलेली. मुलगा अंबत्तूरला, सून इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात. त्यांना मैलापूर लांबच. पंधरा नोव्हेंबरला आम्ही मोजणी केली तेव्हा एकतीसांतली तीस घरं आली होती. चौदा मैलापूर म्हणाली, सोळा अंबत्तूर. सरांनी पल्लांगुळी काढलीच नाही. आता संख्या भरल्या आहेत, नेहमीची चाचणी पुरे, म्हणाले. ती लावली. तिने काही ठामपणे सांगितलं नाही. यांच्या आणि बाकीच्यांच्या मतात फरक असेल, नसेलही. एकूण बघितलं तर जवळजवळ दोन तृतीयांश घरांना अंबत्तूर हवं होतं. सरांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, बेस, वर्ग जाणार. आवाजात खंत नव्हती असं मी म्हणणार नाही. पण त्यांनी स्वतःच्या हाताने निकालाखाली सही केली.

मग मी विचारलं, बाकी एक घर कुठलं राहिलं? माझ्या यादीत खूण दिसत नव्हती.

"हेंच," ते म्हणाले.

पहिल्या वेळी त्यांच्या घरचा फॉर्म त्यांनी भरला होता. मैलापूर लिहिलं होतं. अक्कांना विचारलं नव्हतं. अकरा वर्षं दर शनिवारी खोली कुणी रिकामी केली, सतरंज्या कुणी झटकल्या, पोरांना पाणी कुणी दिलं, आणि वर्ग इथे असावा का हे तिला कुणी विचारलं? मी पण नाही, बाई, हे मोजणीत यायला हवं, म्हणाले. त्यांनी आपला आधीचा फॉर्म रद्द केला आणि तमिळ अक्षरांतला कोरा फॉर्म अक्कांना दिला होता. महिना झाला होता. अक्कांनी तो भरला नव्हता. त्या दिवशी सरांनी विचारलं तर त्या आतूनच म्हणाल्या, "घाई काय? अकरा वर्षं थांबलां, आणखी थांबा."

सर इतके खूश झाले, की जणू त्यांना हवं तेच उत्तर मिळालं होतं. मला म्हणाले, लिहा, बाकी एक. ते मी लिहिलं.

सर गेल्यानंतर डिसेंबरात समितीची बैठक झाली. ठरलं ते असं : वर्ग जानेवारीपासून अंबत्तूरला. मैलापूर म्हणणाऱ्या घरांसाठी दुसरा छोटा वर्ग सरांच्या खोलीत चालू ठेवायला मंडळाची तयारी आहे, पण घरच्यांची इच्छा असेल तरच. तंजावरची बोली वर्गात कशी घ्यायची हा विषय पुढच्या बैठकीसाठी घेतला आहे, आणि या वेळी तो खरोखरच कार्यक्रमपत्रिकेत आहे, कारण ती मी टाइप केली आहे. जोगळेकरांनी मला विचारलं, अक्कांचं काय म्हणणं? मी म्हटलं, विचारून सांगते.

अंबत्तूरचा वर्ग सुरू झाला. आमच्या कॉलनीच्या सभागृहात भरतो, मला घरून चालत सहा मिनिटं. मुलांची संख्या वाढली आहे. किती, असं कुणी विचारलं तर मी यादीतल्या कितींतली किती तेही सांगते. वर्ग संपला की मी दोन गाड्या बदलून मैलापूरला जाते. जायचं कारण तसं काही उरलेलं नाही. अक्का कॉफी देतात. ती मोठी खोली तशीच आहे, सरांची खुर्ची खिडकीपाशी, सतरंज्यांची चळत कोपऱ्यात. अक्का पल्लांगुळी उघडतात आणि आम्ही खेळतो. त्या मला सरसकट हरवतात. सातांतले सात डाव, असं मी म्हटलं तर गेल्या शनिवारी त्या पहिल्यांदा मोकळेपणाने हसल्या.

खेळ संपला की चिंचोके एका पुरचुंडीत जातात, पाटी मिटते. मिटताना मला दर वेळी दिसतं, की बिजागरीजवळच्या खळग्यात एक चौघडी कागद ठेवलेला आहे. तमिळ अक्षरांतला, कोरा. खेळायच्या आधी अक्का तो काढून बाजूला ठेवतात, खेळ झाला की परत तिथेच. मी बघते हे त्यांना माहीत आहे. मी विचारत नाही, त्या सांगत नाहीत.

माझ्या वहीत इतर सगळ्या कामांवर खूण झाली आहे. अहवाल, ठराव, सभागृहाची परवानगी, वह्यांची खरेदी. सरांच्या हातचा तमिळ फॉर्म मी प्लास्टिकच्या पाकिटात घातला आहे. एकच ओळ उरली आहे. दर शनिवारी ती मी पुढच्या पानावर उतरवून घेते, त्याच शब्दांत.

बाकी : एक.